पन्नास उंबऱ्यांचे नाझरेथ



आपल्याकडे नवा माणूस भेटला की नावानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: गाव कोणते? ते ओळखीचे नसेल तर पुढचा प्रश्न येतो, कुठे आले ते? आणि मग तिसरा, केवढे आहे? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जुनी माणसे उंबऱ्यांत देतात. चाळीस उंबऱ्यांची वाडी, दोनशे उंबऱ्यांचे गाव. आपली कितीतरी आडनावे गावाच्या नावाला 'कर' जोडून तयार झाली आहेत.

प्रभूचीही ओळख त्याच्या काळात अशी गावावरूनच होती. त्या प्रदेशात येशू हे नाव सर्रास ठेवले जाई, म्हणून कोणता येशू हे सांगताना लोक गाव जोडत. नाझरेथचा येशू. आपल्या बोलीत सांगायचे तर नाझरेथकर. रोझरी म्हणताना, आगमन काळात, पवित्र कुटुंबाच्या सणाला आपण या गावाचे नाव घेतो. पण ते नेमके कुठे होते आणि केवढे होते, हे आपण सहसा विचारत नाही. हे दोन साधे प्रश्न आज विचारूया. उत्तरे कळली की शुभवर्तमानातले काही ओळखीचे प्रसंग वेगळे दिसू लागतात.

कुठे आले ते?

नाझरेथ हे गालील प्रांताच्या दक्षिण भागात, डोंगरांच्या मधल्या एका खोलगट जागेत वसलेले आहे. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ३५० मीटर. भोवती टेकड्यांची कडा असल्यामुळे गावातून दूरचे फारसे काही दिसत नाही. टेकडीवर चढले की मात्र नजर खुली होते. दक्षिणेला इज्रेलचे सुपीक खोरे, पूर्वेला ताबोर डोंगर. गालीलचे सरोवर पूर्वेकडे सुमारे २५ किलोमीटरवर. यरुशलेम दक्षिणेला शंभर किलोमीटरच्या पुढे, म्हणजे सणाला जायचे तर तीन-चार दिवसांची पायपीट.

मोठे रस्ते खालच्या खोऱ्यातून जात. व्यापाऱ्यांचे तांडे, सैन्य, जकातदार सगळे तिथून जात. नाझरेथ त्या वाटेपासून बाजूला आणि वर होते. कामाशिवाय कोणी तिथे चढून येण्याचे कारण नव्हते. गावाला पाण्याचा बारमाही झरा एकच. बाकी भिस्त पावसाच्या पाण्यावर, ते खडकात खोदलेल्या टाक्यांत साठवत. त्या झऱ्याला आज 'मरियेची विहीर' म्हणतात आणि त्याच्याजवळ ऑर्थोडॉक्स बांधवांचे गाब्रिएल देवदूताच्या नावाचे मंदिर आहे. एकच झरा असलेल्या गावात मरिया रोज पाण्याला कुठे जात असेल, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

यादीत नसलेले गाव

गाव कुठे आहे हे कळले. पण त्या काळच्या लेखी नोंदींत ते शोधायला गेले तर हाती काही लागत नाही. जुन्या करारात नाझरेथचे नाव एकदाही येत नाही. ज्यू धर्मपंडितांच्या ताल्मूद ग्रंथात गालीलमधल्या कितीतरी गावांची नावे आहेत, त्यांतही नाझरेथ नाही.

सर्वांत नवल वाटते ते इतिहासकार जोसेफस याचे. इ.स. ६६ मध्ये रोमविरुद्ध बंड झाले तेव्हा गालीलची लष्करी जबाबदारी त्याच्याकडे होती. हा प्रांत त्याने पायाखाली घातला होता. गालीलमध्ये २०४ नगरे आणि खेडी आहेत असा आकडा तो देतो, आणि त्यांतल्या अनेकांची नावेही लिहितो. नाझरेथपासून तीन-एक किलोमीटरवर जाफा नावाचे गाव होते. गालीलमधले ते सर्वांत मोठे खेडे, असे तो सांगतो. जाफापर्यंत आलेल्या या माणसाने शेजारच्या नाझरेथचे नाव कुठेच लिहिले नाही. लिहिण्यासारखे तिथे त्याला काही वाटले नसावे.

यावरून काही लोकांनी असाही तर्क केला की येशूच्या काळी नाझरेथ नावाचे गावच नव्हते. पण यादीत नाव नाही म्हणजे गाव नाही, असे म्हणता येत नाही, हे आपल्याइतके चांगले कोणाला कळणार? आपल्याकडे किती वाड्या, वस्त्या आणि पाडे आहेत जे कागदावर शेजारच्या मोठ्या गावात जमा धरले जातात! माणसे तिथे जन्मतात, शेती करतात, म्हातारी होऊन मरतात, आणि नकाशावर साधा ठिपकाही नसतो.

केवढे आहे?

मग गाव केवढे होते? जोसेफस म्हणतो की गालीलच्या सर्वांत लहान खेड्यातही १५ हजारांहून जास्त माणसे राहतात. हा आकडा आज कोणी खरा मानत नाही. २०४ गावांना १५ हजारांनी गुणले तर लोकसंख्या ३० लाखांच्या पुढे जाते, आणि एवढ्या माणसांना पुरेल इतके धान्य त्या लहानशा प्रांतात पिकणे शक्य नव्हते.

गावाचा खरा आकार कागदाने सांगितला नाही, तो जमिनीने सांगितला. फ्रान्सिस्कन संघाचे फादर बेल्लार्मिनो बगात्ती यांनी १९५५ पासून नाझरेथमध्ये उत्खनन केले. जुने चर्च उतरवून नवे बांधायचे होते, त्याआधी पायाखालची जमीन तपासली गेली. तिथे मिळाली ती शेतकऱ्यांच्या गावाची खूण: खडकात खोदलेली धान्याची पेवे, पाण्याची टाकी, तेल आणि द्राक्षरस काढण्याच्या जागा, घरामागच्या गुहा. राजवाडा नाही, फरसबंदी रस्ता नाही, नाटकगृह नाही.

गावाची हद्द कळली ती थडग्यांवरून. ज्यू लोक मृतांना वस्तीबाहेर पुरत. त्यामुळे खडकातली थडगी कुठे कुठे आहेत हे पाहिले की वेस कुठवर होती ते समजते. या हद्दीतली जागा साधारण चार हेक्टर, म्हणजे दहा एकर भरते. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्या शेतकऱ्याच्या शेताएवढी. त्या काळी घरे विरळ असत आणि मध्ये अंगण, खळे, गुरांची जागा असे. हे सगळे धरून बहुतेक अभ्यासक येशूच्या काळच्या नाझरेथची लोकसंख्या २०० ते ४०० च्या दरम्यान मानतात. घरटी पाच-सहा माणसे धरली तर साधारण चाळीस ते सत्तर उंबरे.

घर कसे होते याचाही एक नमुना मिळाला आहे. २००९ मध्ये आजच्या महामंदिराजवळ पुरातत्त्ववेत्त्या यार्देना अलेक्झांद्र यांना त्या काळचे एक घर सापडले. दोन खोल्या, अंगण आणि पावसाचे पाणी साठवायचे टाके. काही मातीची भांडी आणि चुनखडीच्या दगडाच्या भांड्यांचे तुकडे. दगडी भांडे विटाळत नाही अशी ज्यू लोकांची समजूत होती, त्यामुळे ते घर धर्म पाळणाऱ्या ज्यू कुटुंबाचे असावे हे कळते. ते घर पवित्र कुटुंबाचे होते असे कोणी म्हटलेले नाही. पण मरिया आणि योसेफ यांच्या शेजारपाजारची घरे कशी असतील, ते त्यावरून दिसते.

खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात आमगाव, गवाळी, कोंगळा अशी काहीशे माणसांची गावे आहेत. पावसाळ्यात त्यांची वाट तुटते. नाझरेथचा अंदाज घ्यायचा तर आपल्या डोळ्यांसमोर असे गाव आणावे लागते. लूक आपल्या ग्रीक मजकुरात नाझरेथला 'नगर' म्हणतो, पण ते आपल्या मनातले नगर नव्हे.

लहान गावात घडलेली गोष्ट

आता हा आकडा मनात धरून शुभवर्तमान वाचा.

पन्नास उंबऱ्यांच्या गावात मुलीचे लग्न ठरले आहे आणि ती नवऱ्याघरी जाण्याआधीच गरोदर आहे. शहरात ही गोष्ट दोन गल्ल्यांच्या पलीकडे जात नाही. इथे झरा एक, सगळ्या बायका तिथेच येणार, आणि प्रत्येकीचे प्रत्येकीशी काहीतरी नाते. देवदूताला होकार देताना मरियेने काय पणाला लावले, ते या आकड्यामुळे कळते. योसेफाने गाजावाजा न करता सोडचिठ्ठी द्यायचे मनात आणले, असे मत्तय सांगतो. तीन-चारशे माणसांत गाजावाजा न होऊ देणे किती अवघड असते, हे खेड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. आणि मग स्वप्नातल्या आज्ञेनंतर त्याने तिला घरी आणले, तेव्हा सगळ्या गावाचे डोळे त्या दारावर असणार. योसेफाचे शांत राहणे आपण फार सोपे समजतो.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहिला आणि आईबापांच्या ते दिवसभर लक्षात आले नाही, हे ऐकून धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले दरवर्षी विचारतात, असे कसे झाले? उत्तर गावाच्या आकारात आहे. यात्रेला निघालेले नाझरेथचे लोक म्हणजे जवळजवळ एकच गोतावळा. पोरगे मामाबरोबर असेल, शेजाऱ्यांच्या मुलांत असेल, असे समजून आईबाप निर्धास्त होते. लहान गावात मूल सगळ्यांचे असते.

सेफोरिस कुठे गेले?

नाझरेथपासून वायव्येला सुमारे सहा किलोमीटरवर सेफोरिस नावाचे शहर होते. गावामागच्या टेकडीवरून ते दिसे. हेरोद राजाच्या मृत्यूनंतर, इ.स. पूर्व ४ मध्ये, तिथे बंड झाले. रोमी सेनापती व्हारसच्या फौजेने शहर जाळले आणि तिथल्या लोकांना गुलाम केले. पुढे हेरोद अंतिपाने ते नव्याने बांधून गालीलचे भूषण बनवले. म्हणजे येशू वाढत होता त्याच वर्षांत तासाभराच्या वाटेवर मोठे बांधकाम चालू होते. हातात हत्यार असलेल्या कारागिरांना तिथे काम मिळत असेल. योसेफ आणि येशू तिथे गेले असतील का, असा विचार अनेक अभ्यासकांनी मांडला आहे. तो तर्क आहे, नोंद नाही.

नोंद आहे ती वेगळीच. जोसेफसच्या पुस्तकांत सेफोरिसचे नाव वारंवार येते आणि नाझरेथचे एकदाही नाही. चारही शुभवर्तमानांत नाझरेथ आहे आणि सेफोरिस एकदाही नाही. प्रदेश तोच, काळ जवळजवळ तोच. एका लेखणीला शहर दिसले, दुसरीला खेडे. देवाच्या पुत्राने आपल्या आयुष्यातली जवळपास तीस वर्षे कुठे घालवली याचे उत्तर, त्या काळच्या जाणत्या माणसाने लिहायचीही तसदी घेतली नाही अशा ठिकाणी आहे. माझ्या मते या गावाबद्दल लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच.

पण लहान म्हणजे पवित्र असे मात्र समजू नका. शुभवर्तमान नाझरेथची स्तुती करत नाही. काना गावच्या नथनेलाला त्या गावाचे नाव ऐकूनच काही भले सुचले नाही. आणि येशू उपदेशक म्हणून परत आला तेव्हा त्याला नाकारणारे त्याच्याच गावचे होते. हा तर आपला सुतार, याच्या घरचे सगळे आपल्याला ठाऊक आहेत, अशी त्यांची भावना होती. मार्क सांगतो की त्यांच्या अविश्वासामुळे प्रभूला तिथे फारशी अद्भुते करता आली नाहीत. लूक तर सांगतो की त्यांनी त्याला कड्यावरून लोटायला नेले. लहान गावाचे दुखणेही लहान गावाचेच असते: आपण एकमेकांना पुरते ओळखतो असे वाटते, म्हणून शेजारच्या घरात देव काय करतो आहे ते दिसत नाही.

दगडावरची नावे

१९६१ मध्ये भूमध्य समुद्राच्या काठी कैसरिया इथे, रोमी सुभेदाराच्या जुन्या राजधानीत, उत्खनन चालू असताना एक दगड मिळाला. त्यावर पंतय पिलाताचे नाव कोरलेले होते. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्याच कैसरियात संगमरवरी फळीचे तुकडे सापडले. यरुशलेमचे मंदिर पडल्यावर याजकांची २४ घराणी गालीलमध्ये कुठे कुठे स्थायिक झाली त्याची ती यादी होती, तिसऱ्या-चौथ्या शतकातली. त्यात अठराव्या घराण्यापुढे गाव लिहिले होते: नाझरेथ. ज्या गावाला कोणी यादीत घेतले नव्हते, त्याचे नाव शेवटी यादीतच सापडले. हिब्रू अक्षरांत ते लिहिलेले असल्याने त्याची वर्तणीही कळली. त्या अक्षरांचे नाते 'कोंब' या अर्थाच्या शब्दाशी लागते. इशायच्या कापलेल्या बुंध्याला नवा कोंब फुटेल असे यशया संदेष्ट्याने सांगितले होते, तोच हा शब्द.

प्रभूच्या नातलगांचीही एक आठवण इतिहासात राहिली आहे. हेगेसिप्पस या जुन्या लेखकाच्या आधाराने युसेबियस सांगतो की सम्राट डोमिशियनने प्रभूच्या कुळातल्या दोघांना चौकशीसाठी बोलावले. राजघराण्याचे वारस म्हणून त्याला त्यांची धास्ती होती. दोघांची मिळून ३९ प्लेथ्रा जमीन होती, ती ते स्वतः कसत आणि तिच्यावरचा कर भरत. पुरावा म्हणून त्यांनी हातांचे घट्टे दाखवले. सम्राटाने त्यांना सोडून दिले.

गावाचे पुढे बरेच काही झाले. पाचव्या शतकात तिथे चर्च उभे राहिले, क्रुसेडर आले, १२६३ मध्ये सुलतान बैबर्सने मंदिर पाडले. १६२० मध्ये फ्रान्सिस्कन परत आले. आजचे महामंदिर १९६९ मध्ये अर्पण झाले. आज नाझरेथ ७० हजारांहून जास्त वस्तीचे शहर आहे, आणि तिथले बहुसंख्य लोक अरब मुस्लिम आणि अरब ख्रिस्ती आहेत. १८९७ ते १९०० या काळात चार्ल्स द फुको तिथल्या क्लारा संघाच्या मठात नोकर म्हणून पडवीएवढ्या खोपटात राहिले. येशूची ती न दिसलेली वर्षे आपण जगून पाहावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. १५ मे २०२२ रोजी ते संत घोषित झाले, त्याच मिस्सामध्ये आपले देवसहायम पिल्लेही.

आपल्या गावांसाठी

हे सगळे मी का लिहितो आहे? आपल्या पॅरिशमध्ये पाच-सात ख्रिस्ती घरांची ठाणी आहेत. मिस्सा महिन्यातून एकदा. तरुण मुले पुण्याला, गोव्याला, आखाती देशांत. दरवर्षी जूनमध्ये प्रश्न येतो: तीन मुलांसाठी धर्मशिक्षणाचा वर्ग कशाला? त्यांना मोठ्या चर्चमध्येच बोलवू. प्रश्न विचारणाऱ्यांचे मन वाईट नसते. अंतर आहे, पेट्रोल आहे, शिकवायला माणसे कमी आहेत. पण त्या घरांतली म्हातारी माणसे जेव्हा म्हणतात, आम्ही आता मोजण्यासारखे उरलो नाही, तेव्हा माझ्यापुढे नाझरेथ उभे राहते. तिथल्या सभास्थानात येशूच्या वयाची मुले असून असून किती असतील? आणि तरीही कोणीतरी त्यांना शास्त्र वाचायला शिकवत होते. पुढे प्रभूने त्याच सभास्थानात यशयाची गुंडाळी उघडली, ती वाचायला आलीच म्हणून. त्या शिकवणाऱ्याचे नाव कोणत्याही यादीत नाही.

शेवटी एक गोष्ट. क्रुसावर जी पाटी लावली गेली तिच्यावर येशूच्या नावाबरोबर त्याचे गावही होते, असे योहान सांगतो. ती पिलाताने लिहवली होती, आणि हिब्रू, लॅटिन, ग्रीक अशा तिन्ही भाषांत. ज्या गावाचे नाव लिहायला इतिहासकाराला जागा सापडली नाही, ते रोमच्या सुभेदाराने तीन भाषांत लिहवले, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना वाचता यावे म्हणून. नाझरेथच्या नावावरूनच आजही अरबी भाषेत ख्रिस्ती माणसाला 'नसरानी' म्हणतात, आणि केरळातल्या आपल्या बांधवांना 'नसराणी'. आपण सगळेच एका अर्थी त्या पन्नास उंबऱ्यांच्या गावचे.

या आठवड्यात आपल्या पॅरिशमधल्या सर्वांत लहान वाडीसाठी एक 'नमो मरिया' म्हणा, आणि जमले तर रविवारी तिथे जाऊन या.